फौजदारी बचाव आणि अपिलाचे काम करणाऱ्या वकिलांना सनदेनंतरचे शिक्षण बंधनकारक आहे का?

भारतात नाही, कॅलिफोर्नियात मात्र दर तीन वर्षांत २५ तासांचे असे शिक्षण पूर्ण करावे लागते. तरीही फौजदारी वकिलाने ते स्वतःहून करावे, असे माझे ठाम मत आहे, कारण १ जुलै २०२४ पासून गुन्हे व शिक्षा, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचे तिन्ही मूळ कायदे बदलले आणि वकिलाच्या चुकीची किंमत अशील तुरुंगात राहून मोजतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचेच घ्या. पूर्वी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागे. आता नव्या पुरावा कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, पहिला पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो व त्यात हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झाला का ते कळावे म्हणून तिच्यावरून काढलेला सांकेतिक क्रमांक) नमूद करावे लागते, त्यामुळे सीसीटीव्ही चित्रण दाखल होताच ते मूल्य ताडून पाहणे हा उलटतपासणीच्या तयारीचा भाग झाला पाहिजे.

अपिलातला पेच वेगळा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते, पण अपील नंतर दाखल झाल्यास प्रक्रिया जुनी की नवी, हा प्रश्न नव्या प्रक्रिया कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ५३१ च्या अन्वयार्थाचा आहे. त्यावरील उच्च न्यायालयांचे निकाल मुळातून वाचावेत. नुसत्या टिपणांवर भागत नाही.