आधी पाऊस काढ

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. अलिबागच्या बंगल्यासाठी क्लायंटला 'मेडिटरेनियन' हवंय, तुझ्या सरांना 'मिनिमल', आणि तुझ्या मनात गुहागरचं आजीचं घर. मग 'माझी शैली नेमकी कुठली?' एवढं लांबलचक लिहिलंस, पण त्यात पाऊस हा शब्द एकदाही नाही.

नैऋत्येकडून येतो तो, तिरपा. कोऱ्या कागदावर पहिला बाण त्याचा काढ, दुसरा दुपारी चारच्या उन्हाचा. भिंती नंतर.

आजीच्या घराचा तुला जांभ्याचा रंग तेवढा आठवतो. अगं, चिरा पाणी पितो! म्हणून तर छप्पर इतकं खाली ओढलेलं, की पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात. पडवी त्यातूनच आली. तोच जांभा लावून वर सपाट स्लॅब टाकलेले बंगले अलिबागला हवे तेवढे दाखवतो, दुसऱ्या पावसाळ्यात हिरवे झालेले. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. तिथे चुन्याची पांढरी भिंत शोभते. आपल्याकडे चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त कोसळतो.

मरीन ड्राइव्हला आर्ट डेको शैली म्हणून सगळे गोल बाल्कन्यांचे फोटो काढतात. खिडक्यांवरून सलग गेलेल्या छज्ज्यांकडे, त्या भुवयांकडे, कोण बघतं? आणि मुंबईतच कंबाला हिलचा कांचनजंगा हा राहता टॉवर बघ, १९८३चा. त्याचे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्यापुढे पेच असा होता, की वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण ऊन आणि झडही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून टॉवरच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीची बाग करून बसवला. काँक्रीट आहे, कौल नाही, तरी मला ते पडवीचंच घर वाटतं. शैली शोधत बसले असते तर झालं असतं का हे?

मी १९९७ साली उपनगरात एक टॉवर केला. पश्चिमेला अख्खी काच. मे महिन्यात लोकांनी आतून वर्तमानपत्रं चिकटवली, जूनमध्ये बाहेरून निळी ताडपत्री बांधली. आवारातला फणस पार्किंगच्या पोडियमसाठी गेला. बदल्यात स्लॅबवरच्या दोन फूट मातीत पाम लावले, ते कधी धरलेच नाहीत. छज्ज्यासाठी मी भांडलो होतो, हेही ऐक. अडीच फूट मागितला होता. बिल्डर म्हणाला, एलिव्हेशन बिघडतं, म्हणजे इमारतीचा दर्शनी चेहरा. ऑफिसात सात माणसांचे पगार होते, आणि मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी काढून दिलाच असता. वीस-पंचवीस वर्षं हेच सांगतोय सगळ्यांना. त्या रस्त्याने मात्र रिक्षा नेऊ देत नाही.

तर, क्लायंटला पांढरी भिंत हवीय? दे. पण चार फूट बाहेर आलेल्या छपराखाली. सरांना छप्पर दिसायला नको असेल तर त्यांना जुलैत साइटवर घेऊन जा.

आणि प्लॉटवर झाडं किती, ते लिहिलंच नाहीस. माड, आंबे, जे असेल ते घेरासकट प्लॅनवर मांडून रविवारी ये. बाण काढले नसशील तर येऊ नकोस. नाही, ये. इथेच बसून काढू.