दक्षिण जर्मनीत कुठल्याच जिल्ह्यात न येणारी 'स्वतंत्र' शहरं असतात म्हणे, त्यातलं एखादं छोटं शहर बघण्यासारखं आहे का?

आहे ना, श्वाबाख! मी न्यूरेंबर्गला राहतो, तिथून एस-बाननं (म्हणजे तिथली लोकल) पंधरा-वीस मिनिटं. बव्हेरियात (हे दक्षिण जर्मनीतलं राज्य) अशी 25 स्वतंत्र शहरं आहेत, त्यात लोकसंख्येनं हे सगळ्यात लहान, चाळीसेक हजार. स्वतंत्र म्हणजे वेगळं राज्य वगैरे नाही हो, आपल्याकडे नगरपालिकेनंच जिल्हा परिषदेची कामंही करावीत तसं काहीसं. गंमत म्हणजे 1972 ला जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा श्वाबाख नावाचा जिल्हा गेला, शहर मात्र राहिलं, गाड्यांच्या नंबरप्लेटवर अजून स्वतःची एससी ही अक्षरं मिरवतं.

पण जायचं ते सोन्यासाठी. सोन्याचा वर्ख ठोकणाऱ्यांचं गाव आहे हे, चौकातल्या जुन्या टाऊन हॉलच्या छोट्या मनोऱ्यांवरही सोनं चढवलंय. मी एका कारागीर बाईंचं प्रात्यक्षिक बघितलं. सोन्यात थोडी चांदी-तांबं घालून पट्टी ओढतात, तिचे चौकोनी तुकडे थरांमध्ये रचून ठोकत राहतात, पूर्वी हे थर बैलाच्या आतड्याच्या पातळ कातड्याचे असायचे (आपल्याकडच्या चांदीच्या वर्खाची जुनी पद्धत आठवली ना?). शेवटी जाडी उरते मिलिमीटरचा साधारण दहाहजारावा भाग. बोट लावलं की संपलं, म्हणून बाई लाकडी चिमट्यानं पान उचलतात, गादीवर टाकतात आणि बरोब्बर मध्यावर हलकीशी फुंकर मारतात, की सुरकुतलेलं पान एकदम सपाट. मी तिथं शिंक दाबून उभा होतो, खरंच सांगतो.

आणखी एक, छपाईतल्या एका जुन्या जर्मन गॉथिक (टोकदार, कोनदार) अक्षरवळणाला श्वाबाखर म्हणतात. जानेवारी 1941 मध्ये नाझींनी गॉथिक अक्षरं ही 'श्वाबाखची ज्यू अक्षरं' आहेत असा शोध लावून ती बंद करायचा आदेश काढला, आणि त्या आदेशाच्या लेटरहेडवरची अक्षरं गॉथिकच! गावात ज्यू म्युझियम आहे, तिथं भिंतीवर चित्रं काढलेली सुक्कोत या ज्यू सणाची खोली आहे, ती चुकवू नका, उघडं असायच्या वेळा मात्र आधी बघा.

मोठ्या चर्चमधली वेदी वोल्गेमुट या न्यूरेंबर्गच्या चित्रकाराच्या कारखान्यातली, 1508 ची. तीही बघा, पण अर्धा दिवस पुरतो, रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी जा.

वर्खाची 25 पानांची वही मिळते, मी एक पुण्याला आईला नेली होती, गणपतीच्या मुकुटाला लावायला. तिनं हौसेनं पंख्याखालीच उघडली, पहिली तीन पानं कुठे गेली अजून सापडली नाहीत, चौथ्याचा अर्धा भाग तेवढा बाबांच्या चष्म्यावर मिळाला.