पहिला लाइट कोणता घ्यावा?

प्रश्न : फोटो आणि व्हिडिओ दोन्ही शिकते आहे. पहिला लाइट फ्लॅश घेऊ की एलईडी?

उत्तर : एलईडीच घ्या. फ्लॅश व्हिडिओच्या कामाचा नाही. शिवाय सतत चालू असलेल्या लाइटमध्ये सावली कुठे पडते ते शटर दाबण्याआधीच दिसतं, आणि शिकताना मला तेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. वॉटचा आकडा नंतर. आधी सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात, याचा १००पैकी आकडा) ९५च्या वर आहे का पाहा, नाहीतर चेहरा हिरवट, आजारी दिसू शकतो. सोबत मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटपुढे लावायची, प्रकाश पसरवणारी कापडी पेटी, हवाच. तो चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. अंतर दुप्पट केलंत की प्रकाश साधारण एक चतुर्थांश उरतो, म्हणून लाइट लांब ठेवून पॉवर वाढवत बसू नका. रंग बदलणाऱ्या आरजीबी लाइटचा मोह सध्या टाळा. त्या पैशांत भक्कम स्टँड आणि तो कलंडू नये म्हणून वाळूची पिशवी घ्या.