इंग्लंडला निघण्याआधी: फर्टिलिटी डॉक्टरांची पहिली भेट कशी असते

ताई म्हणालीस म्हणून हक्काने 'तू' म्हणते. तुझा प्रश्न असा आहे: वय ३३, दोन वर्षं प्रयत्न करूनही दिवस राहिलेले नाहीत, पुण्यात एचएसजी (ट्यूब मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे) आणि लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) झाली, डॉक्टर आता आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं, बोलताहेत, आणि तेवढ्यात नवऱ्याला लेस्टरची नोकरी लागली. इंग्लंडमध्ये स्पेशालिस्टकडे पहिल्या दिवशी काय होतं, आणि उपचार पुण्यातच करून यावं की इथे येऊन सुरू करावं, हे तुला हवंय. मी या सगळ्यातून लेस्टरमध्येच गेले आहे आणि नंतर ओळखीच्या मुलींबरोबरही क्लिनिकमध्ये जाऊन बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं, कारण तुझा सगळा बेत त्यावर ठरणार. व्हिसाच्या अर्जाबरोबर हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर दोघांचे मिळून सहा हजार पौंडांच्या वर जातात, तेही एकरकमी. एवढे भरल्यावर एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, सगळं फुकट, असं आपले लोक धरून चालतात. बहुतेक आजारांना ते लागू आहे. दिवस राहिल्यानंतरची तपासणी आणि बाळंतपणही त्यात येतं. पण आययूआय (वीर्य थेट पिशवीत सोडणं), आयव्हीएफ असे गर्भ राहावा म्हणून करायचे उपचार इंग्लंडने ऑगस्ट २०१७ पासून त्यातून वगळले आहेत. आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, हातात येईपर्यंत तुझ्यासारख्या व्हिसावर आलेल्या बाईला ते स्वतःच्या खिशातून करावे लागतात. नेटवर तू वाचशील की चाळिशीच्या आतल्या बाईला आयव्हीएफच्या तीन सायकल, म्हणजे उपचाराच्या तीन पूर्ण फेऱ्या, द्याव्यात, असं नाइस या संस्थेचं मार्गदर्शन आहे. ते खरं आहे, पण ते इथे स्थायिक असलेल्यांसाठी, आणि त्यांनाही किती सायकल मिळणार हे त्या-त्या भागातलं आरोग्य मंडळ ठरवतं. कुणाची मैत्रीण सांगेल की तिचं सगळं फुकट झालं. तिला आधी विचार की तेव्हा तिचा व्हिसा कुठला होता.

खासगीत औषधं धरून एक सायकल पाच हजार पौंडांच्या वर सहज जाते. हे मनात ठेवूनच पुढचं वाच.

भेट दोन वाटांनी मिळते. खासगी क्लिनिकला थेट फोन करता येतो. नाहीतर आधी जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारख्या डॉक्टरकडे जायचं. तिथे पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी हार्मोन्स, पुढची पाळी यायच्या सुमारे सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन, थायरॉइड, रुबेला, क्लॅमिडिया आणि नवऱ्याची वीर्यतपासणी, एवढं साधारण होतं. माझं ऐकशील तर खासगीत जायचं असलं तरी आधी जीपीकडून हे करून घे. पुढच्या बिलातला बराच भाग वाचतो.

आता प्रत्यक्ष भेट. दोघांनी जायचं. आपल्याकडे नवरा बाहेर बाकावर बसतो आणि बायको सासूबरोबर किंवा आईबरोबर आत जाते, तसं इथे चालत नाही. तपासणी जोडप्याची असते आणि पहिल्या दहा मिनिटांतले निम्मे प्रश्न नवऱ्याला असतात: लहानपणी गालफुगी झाली होती का, हर्नियाचं किंवा अंडकोषाचं ऑपरेशन, काम कसलं, जिममध्ये इंजेक्शनं किंवा पावडरी घेतल्या का. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की शुक्राणू बनणं बंद पडतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. 'स्मोकिंग करता का' असं विचारलं की आपले पुरुष सरळ 'नो' म्हणतात. गुटखा, मळलेली तंबाखू किंवा गावाकडे बायका लावतात ती मिश्री, हे डॉक्टर आपणहून विचारेलच असं नाही. तेव्हा आपण सांगायचं.

तुला पाळीचा इतिहास विचारतील, संबंध आठवड्यातून किती वेळा येतो हेही तोंडावर विचारतील. त्यात लाजवण्याचा हेतू नसतो, पुढचं सगळं गणित त्या उत्तरावर असतं. पूर्वी कधी दिवस राहिले होते का, गर्भ पाडायच्या गोळ्या घेतल्या होत्या का, क्युरेटिंग (पिशवी साफ करणं) झालं होतं का, हे खरं सांग. क्युरेटिंगनंतर कधी पिशवीत आतून चिकटतं, आणि ते डॉक्टरला ठाऊक नसेल तर सहा महिने भलतीकडे जातात. नवऱ्यासमोर बोलायचं नसेल तर दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय म्हणून सांग. ते त्याला बाहेर पाठवतात आणि तू बोललेलं तुझ्या परवानगीशिवाय त्याला कळत नाही.

तीन गोष्टी आपल्याकडच्या आहेत आणि इथल्या डॉक्टरच्या चटकन डोक्यात येत नाहीत. पहिली टीबी. व्हिसासाठी तुझ्या छातीचा एक्स-रे होईल, पण पिशवीचा किंवा ट्यूबचा टीबी त्यात दिसत नाही. घरात कुणाला टीबी झाला असेल, किंवा पुण्यात तुला पिशवीच्या तपासणीवरून टीबीच्या गोळ्या दिल्या असतील, तर तो कागद पुढे कर. दुसरी, मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालं असेल तर ते सांग. तिसरी थॅलेसेमिया आणि सिकलसेल. तुझं माहेर चंद्रपूरचं आहे असं लिहिलंस, विदर्भात सिकलसेल बऱ्यापैकी आहे, म्हणून दोघांचीही हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी निघण्याआधी करून ठेव.

मग सोनोग्राफी, बहुतेक वेळा आतूनच. लघवी करून ये म्हणतात, कमरेखाली चादर देतात, आणि सोबतीला एक नर्स उभी राहते. बाई डॉक्टर हवी असेल तर भेट ठरवतानाच सांगायचं. एनएचएसमध्ये मराठी दुभाष्याही मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. सोनोग्राफीत दुखत नाही, दाब जाणवतो. पडदा तुझ्याकडे वळवतात: करड्या अंडाशयात छोटे काळे गोल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, दिसतात आणि डॉक्टर ते एकेक करून मोजते, आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या. दोन्ही मिळून चार किंवा त्याहून कमी असले तर अंडी वाढवायच्या इंजेक्शनांना प्रतिसाद कमी मिळेल आणि सोळाच्या वर असले तर जास्त, असा नाइसचा अंदाज आहे.

याच जोडीला एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. इथे मी मुलींना रडताना पाहिलंय, आणि उगाच आनंदी होतानाही. भारतातल्या बहुतेक लॅब एएमएच नॅनोग्रॅममध्ये देतात, इथे तो पिकोमोलमध्ये येतो, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ७.१४ पिकोमोल. पुण्यात तुझा २ आला असेल तर इथे तोच साधारण १४ दिसेल. पुण्याचा २ आकडा इथल्या तक्त्यावर ठेवलास तर सगळं संपलं असं वाटेल, कारण इथे ५.४ किंवा त्याखाली असेल तर कमी प्रतिसाद धरतात. नेहमी आकड्याशेजारचं एकक बघ. आणि हा आकडा इंजेक्शनांना अंडाशय कसा साथ देईल ते सांगतो. आपोआप दिवस राहतील की नाही, ते तो सांगत नाही.

पहिल्या दिवशी उपचार सुरू होत नाहीत, याची मनाची तयारी ठेव. पुण्यात त्याच दिवशी प्रिस्क्रिप्शन आणि फॉलिक्युलर स्टडीची (अंडं वाढतंय का ते बघायच्या सोनोग्राफीची) तारीख हातात पडते. इथे बहुतेक वेळा पुढच्या तपासण्यांची यादी मिळते आणि नंतर सविस्तर पत्र येतं, एक जीपीला, एक तुला. ते पत्र जपून ठेव. आयव्हीएफ ठरलं तर दोघांच्या एचआयव्ही आणि हेपटायटिसच्या तपासण्या होतात, लेखी संमती घेतात आणि समुपदेशनाची संधी द्यावीच लागते. सगळ्या क्लिनिकवर एचएफईए या सरकारी नियामक संस्थेचा परवाना असतो. जादा पैसे घेऊन सुचवल्या जाणाऱ्या 'ॲड-ऑन', म्हणजे जोडीच्या उपचारांपैकी कशाला किती पुरावा आहे, हे त्यांच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. पैसे भरण्याआधी ते पान वाच.

फाईलमध्ये काय आणायचं: एचएसजीचा लेखी रिपोर्ट, लॅप्रोस्कोपीची ऑपरेशन नोट (नुसती सीडी नको, क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर ती चालेलच असं नाही), वीर्यतपासणीचे सगळे रिपोर्ट तारखेसह. औषधांची ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत, त्यामुळे त्यातलं मूळ औषध आणि डोस लिहून आण. चूर्णं, रसायनं, भस्मं चालू असतील तर तीही यादीत हवीत, काहींत शिसं किंवा पारा असतो. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आजच सुरू कर, मधुमेह असेल तर डोस मोठा लागतो, तो डॉक्टरांना विचार.

आणि आता तुझा खरा प्रश्न. पुण्याच्या डॉक्टरांनी ट्यूब बंद आहेत किंवा एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) पुढे गेलंय अशा ठोस कारणाने आयव्हीएफ सांगितलं असेल, तर मी म्हणेन की तिकिटं पुढे ढकलता येत असतील तर ढकला आणि तिथेच करा. विलायतेत काहीतरी वेगळी जादू आहे या समजुतीने थांबू नकोस. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ मध्ये ओल्डहॅमला जन्मली हे खरं, पण मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातूनही १९८६ मध्ये आयव्हीएफचं बाळ जन्मलं. पुण्या-मुंबईत हात अनुभवी आहेत, खर्च बराच कमी आहे, आणि बाजूला आई आहे. शेवटचं कमी महत्त्वाचं समजू नकोस. कारण सापडलंच नसेल आणि ट्यूब मोकळ्या असतील, तर मात्र ३३ व्या वर्षी इथे येऊन, जीपीकडून तपासण्या करून, शांतपणे ठरवायला हरकत नाही.

पुण्यात भ्रूण गोठवून ठेवायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच विचारून घे. भारताच्या २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याप्रमाणे स्वतःचे भ्रूण स्वतःच्या वापरासाठी देशाबाहेर न्यायलाही राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, आणि इकडच्या क्लिनिकलाही एचएफईएच्या अटी पाळाव्या लागतात. ते नंतर कुरियरने मागवू, असं होत नाही. ट्रान्सफरसाठी, म्हणजे भ्रूण पिशवीत सोडून घ्यायला, तूच पुण्याला जाशील असं धरून सुट्टी आणि तिकिटाचा हिशेब मांड. नवरा आधी येणार असेल तर त्याचा नमुना गोठवायचा का आणि दोघांच्या कोणत्या सह्या लागतील, हे तो विमानात बसण्याआधी डॉक्टरांना विचार.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदव. त्यासाठी पासपोर्ट किंवा घरभाड्याचा करार दाखवणं बंधनकारक नाही, कुणी काउंटरवर अडवलं तर शांतपणे तेवढंच सांग. एचएसजीत नेमकं काय आलं ते कळव, मग पुढचं बोलू.