अश्वगंधा आणि प्रोटीनचा डबा एकत्र द्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीला राहणाऱ्या तुमच्या बाबांचं वय ७१, वजन ६० किलो, पोटऱ्या वर्षभरात बारीक झाल्यात. घरी अश्वगंधा चूर्ण आणि प्रोटीनचा डबा आणून ठेवलाय, दोन्ही एकत्र चालेल का. माझे सासरे येळ्ळूरचे, तरुणपणी तालमीत रोज बैठका मारलेले. तीन वर्षांपूर्वी त्यांचंही असंच झालं. जेवून उठताना टेबलाची कड धरायचे, आणि मी पुढं झाले की म्हणायचे, "मला काय झालंय गं, सोड हात." म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चूर्णाचं नंतर. आधी बाबा सकाळी काय खातात ते बघा. आमच्याकडं चहा आणि दोन बटर. दुपारी भाकरी, भात, पातळ आमटी. रात्री पुन्हा आमटी-भात. पोट भरायचं, पण प्रथिनं फार थोडी. तरुण स्नायू थोडक्यात भागवून घेतो. उतारवयात त्याच वाढीसाठी एका वेळी जास्त प्रथिनं लागतात. म्हणून तज्ज्ञ ज्येष्ठांना वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. तुमच्या बाबांना दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम, आणि तेही तिन्ही वेळच्या जेवणांत वाटून. सकाळची वेळ चहा-बटरवर गेली की राहिलेलं सगळं रात्रीच्या जेवणात भरून निघत नाही.

आम्ही सकाळी दोन अंडी आणि मोठा पेला दूध सुरू केलं, झाले २० ग्रॅम. सोमवारी, शनिवारी अंडं चालत नाही, तेव्हा रविवार पेठेतून आणलेल्या हुलग्यांचं दुधातलं माडगं आणि मूठभर शेंगदाणे. आमटी पळीला चिकटेल इतकी घट्ट. मसूर, हुलगे शंभर ग्रॅम कोरडे घेतले तर त्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. एवढं करूनही कमी पडलं तरच डबा. मात्र त्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या, किडनी कमजोर असेल तर प्रथिनांचं माप डॉक्टरच ठरवतील. आणि वजन आपोआप उतरत असेल तर शुगर, थायरॉइड वगैरे बघितल्याशिवाय नुसतं वय झालं म्हणून सोडू नका.

आता अश्वगंधा. प्रथिनांबरोबर घेतल्यानं ती बिघडत नाही, पण प्रथिनांची जागाही घेत नाही. ताकद वाढल्याचा जो अभ्यास सगळे सांगतात तो २०१५ चा: १८ ते ५० वयाचे पुरुष, मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे, आणि सोबत वजनांचा व्यायाम. त्यात सत्तरीचं कुणी नव्हतं, आणि तो अर्क होता, आपलं चमचाभर चूर्ण नव्हे. सासऱ्यांना झोपेची गोळी चालू होती. चूर्ण सुरू केल्यावर चौथ्या दिवशी ते सकाळी दहापर्यंत गुंगीत होते, मी घाबरून गेले. डॉक्टरांनी चूर्ण बंद करायला लावलं. थायरॉइड, शुगर, बीपी किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय देऊ नका. काही जणांच्या लिव्हरलाही त्रास झालेला आहे. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर लगेच थांबवा.

आणि व्यायाम नसेल तर ही प्रथिनं स्नायूला लागणार कशी? सासऱ्यांना फिरायला जाणं पुरेसं वाटायचं. आम्ही भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठ-बस सुरू केली, हात छातीशी. पाच वेळा उठायला १९ सेकंद लागायचे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषात १२ किंवा जास्त सेकंद लागले तर ते कमजोरीचं लक्षण धरतात. जुन्या बैठकांची आठवण काढली की पठ्ठ्या चार जास्त मारायचा. चार महिन्यांनी १३ वर आले.

उद्या सकाळी नाश्त्याआधी बाबांचे सेकंद मोजा आणि कळवा, चालू गोळ्यांची नावंही लिहा. चूर्णाची पुडी तोवर फडताळातच राहू दे.