मॉरिशसला फोन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी नोकरीसाठी मॉरिशसला निघाली आहे. तिथल्या नातेवाइकांचे जुन्या वहीतले मोबाइल नंबर लागत नाहीत. तिचा इथल्या बँकेचा ओटीपी तिथे येईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: आधी वहीतल्या नंबरचे आकडे मोजा. मोबाइल नंबर सात आकडी असेल तर त्याच्या सुरुवातीला ५ लावा. सप्टेंबर २०१३ पासून तिथले मोबाइल नंबर आठ आकडी आहेत, लँडलाइन मात्र सात आकडीच राहिल्या. इथल्या लँडलाइनवरून ०० २३० आणि पुढे नंबर. मोबाइलवर ०० ऐवजी अधिकचं चिन्ह. तिथे एरिया कोड नाही, त्यामुळे मध्ये शून्य घालू नका. मुलीने नाशिकच्या लँडलाइनला लावताना अधिक ९१, मग २५३ आणि सात आकडे. ०२५३ मधलं शून्य तसंच ठेवलं की फोन लागत नाही, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते. त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्यांचे साडेसहा.

ओटीपीसाठी इथलं सिम पहिल्या खाचेत राहू द्या आणि इंटरनॅशनल रोमिंग निघण्यापूर्वीच चालू करा. ते राहिलं तर सिम तिथे नेटवर्कच पकडत नाही. वैधता संपू देऊ नका. त्या सिमचा डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल फुगतं. दुसऱ्या खाचेत तिथलं सिम.

प्रश्न: नाशिक शहराहूनही कमी वस्तीच्या देशात तीन-तीन फोन कंपन्या कशाला? मक्तेदारी मोडली की दर खरंच उतरतात?
– एक वाचक, सिडको

उत्तर: नुसत्या परवान्याने उतरत नाहीत. मोबाइलमध्ये तिथे एमटेल ही खासगी कंपनी १९८९ पासून आहे, पण लँडलाइन आणि परदेशी कॉलवरची मॉरिशस टेलिकॉमची मक्तेदारी १ जानेवारी २००३ला संपली. तिसरी कंपनी आपल्या एमटीएनएलची, एमटीएमएल.

खरी मेख दोन ठिकाणी असते. एक, इंटरकनेक्शन: नव्या कंपनीच्या ग्राहकाने जुनीच्या ग्राहकाला फोन केला की नवीला मिनिटामागे जुनीला पैसे मोजावे लागतात. बहुतेक ग्राहक जुनीकडेच असल्यामुळे हा दर चढा असला, तर नवी स्वस्त विकूच शकत नाही. दुसरी, परदेशी कॉल आणि नेट वाहून नेणारी समुद्राखालची केबल. ‘सेफ’ केबल २००२मध्ये सुरू झाली. ती दक्षिण आफ्रिकेहून रियुनियन, मॉरिशस करत आपल्या कोचीला आणि पुढे मलेशियाला जाते. बाजार समितीत व्यापारी दहा आले, पण फाटक एकच आणि किल्ली त्यांच्यातल्याच एकाकडे, तर भाव कोण ठरवणार? केबल किनाऱ्याला लागते ते स्टेशन म्हणजे हे फाटक. म्हणून नियंत्रणमुक्ती म्हणजे नियामकाला रजा, ही समजूत चुकीची आहे. नियामकाचं काम उलट तिथूनच वाढतं: इंटरकनेक्शनचा दर आणि स्टेशनचं भाडं यांवर त्याची करडी नजर हवी. त्यासाठी तिथे २००१च्या कायद्याने प्राधिकरण आहे. पुढे केबल वाढल्या. २०२१च्या ‘मेटिस’मध्ये एमटेल स्वतः भागीदार आहे. दुसरं फाटक उघडणं हा आमच्या मते सर्वांत पक्का उपाय.

प्रश्न: केबल तुटली तर?
– एक वाचक, देवळाली

उत्तर: केबल किती, यावर सारं आहे. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाला बाहेरची एकच होती, फिजीपर्यंत ८२७ किलोमीटरची. १५ जानेवारी २०२२च्या ज्वालामुखीच्या स्फोटात ती तुटली आणि मुख्य बेटाची सेवा पूर्ववत व्हायला पाच आठवडे गेले. तोवर सगळी भिस्त उपग्रहावर. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंच असल्याने आवाज एका बाजूला पोचायलाच पाव सेकंद लागतो, दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. मॉरिशसला आता अनेक केबल आहेत, त्यामुळे एखादी तुटली तर नेट मंदावतं, संपर्क तुटत नाही.