पहिला उकुलेले: काला की कामाका?

भावा, पहिला उकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं हवाईयन वाद्य) घ्यायचा, तर काला आणि कामाका या दोन कंपन्यांत निवड. कामाका म्हणजे हवाईतल्या होनोलुलूचं १९१६ पासून उकुलेले बनवणारं घराणं, तिथल्या कोआ झाडाच्या लाकडाचा गोड आवाज. पण शिकायला एवढे पैसे घालू नकोस. कालाचं केए-१५सी मॉडेल घे. कॉन्सर्ट म्हणजे मध्यम साइज, सुमारे १५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), त्यामुळे जाड बोटांनाही जागा मिळते. महोगनी लॅमिनेटचं आहे, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवलेलं. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात सॉलिड (अखंड) लाकडापेक्षा तेच बरं टिकतं.

दुकानात ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) लावून प्रत्येक तार मोकळी वाजव, मग बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. तिथं तार फ्रेटपासून ३ मिलिमीटरपेक्षा उंच नको. पहिल्याच फ्रेटवर सूर चढला तर नट (मानेच्या टोकाची, तारा टेकणारी खाचांची पट्टी) उंच आहे, घासून घ्यावा लागेल. नव्या नायलगट (उकुलेलेच्या कृत्रिम) तारांचा सूर आठवडाभर उतरतोच, वाद्याला दोष देऊ नकोस.